छाटणीघरातली अनोळखी बाई

दिवसभर बसून दुसऱ्यांकडे बघत राहायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, म्हणून गावातल्या बायकांना कुंदा गराडेचा हेवा वाटायचा. सावली आहे, खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे, बाईला आणखी काय पाहिजे? कुंदा आधी आधी त्यांना समजावून सांगायची, मग तिने तेही सोडलं. नुसत्या बघण्याने माणूस किती दमतं हे बघणाऱ्यालाच कळतं. घरी आली की ती दारात चप्पल सोडायची, पडवीच्या भिंतीला पाठ टेकायची आणि डोळे मिटून घ्यायची. चहासुद्धा डोळे मिटूनच प्यायची. कुणी काही बोललं तर हां म्हणायची.

मावळात, धरणाच्या खालच्या अंगाला, जिथे पूर्वी गुलाबाची पॉलिहाऊस होती तिथेच आता कंपनी औषधी गांजा लावते. फिट येणाऱ्या मुलांना, कॅन्सरच्या दुखण्याने तळमळणाऱ्यांना त्याच्या तेलाने आराम पडतो, हे सरकारला पटायला बरीच वर्षं लागली, पण पटलं. परवाना आला तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी चार दिवस थट्टा करून घेतली. मग ज्या बाया गुलाब काढायच्या त्याच बाया हा पाला छाटायला लागल्या आणि थट्टा संपली.

परवाना मात्र फुकटचा नव्हता. बी पेरल्यापासून उरलेला पाला मातीत कालवून कुजवेपर्यंत एकही झाड, एकही फांदी कॅमेऱ्याच्या नजरेआड जाता कामा नये, असा कायदा. एकदा एका कोळ्याने कॅमेऱ्याच्या भिंगावर जाळं विणलं आणि एका कोपऱ्याचं चित्र धूसर झालं, तर त्याचा खुलासा पार मुंबईपर्यंत द्यावा लागला. तेव्हापासून कॅमेऱ्यांवर नेमलेली कुंदा दिवस उगवायच्या आत येऊन लांब काठीला फडकं बांधायची आणि एकेक भिंग पुसत फिरायची. कोळी काही ऐकत नव्हते.

कामावरच्या बायका डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या डगल्यात असत. तोंडाला पट्टी, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. पाल्याला घामाचा, केसाचा स्पर्श नको. मग कोण कोण आहे हे कॅमेऱ्याने ओळखायचं कशावरून? चालण्यावरून. चालणं म्हणजे खरं तर पडणं असतं. प्रत्येक पावलाला माणूस पुढे पडतो आणि दुसऱ्या पायावर स्वतःला सावरतो, आणि हे सावरणं प्रत्येकाचं वेगळं. कुणाची कंबर जास्त हलते, कुणाचा गुडघा आत वळतो, कुणाचा हात लांब झुलतो. यंत्र माणसाचं मांस, कपडे, सगळं पुसून टाकतं आणि सांध्यांचे ठिपके तेवढे ठेवतं. पडद्यावर काड्यांची बाहुली चालत जाते. ती बाहुली लपवता येत नाही, कारण आपण कसे चालतो हे आपल्यालाच ठाऊक नसतं.

बाई कामाला लागली की पहिल्या दिवशी तिला छाटणीघराच्या वाटेवर चालवून तिची मूळ चाल नोंदली जायची. पुढे पोट वाढतं, पायात काटा रुततो, दिवस जातात, तशी चाल बदलते. थोडा असो की जास्त, फरक दिसला की पडद्यावर पिवळा दिवा लागायचा. तेव्हा कॅमेऱ्यावरच्या माणसाने बघायचं आणि ‘ओळखीची’ म्हणून दिवा विझवायचा. वर्षातून एकदा मात्र यंत्र आजची चाल थेट मूळ चालीशी ताडून बघायचं. तिथे कुणाचं काही चालत नसे.

त्या ताळ्याच्या दिवशी सकाळी कुंदाने चहाचा कप ठेवला आणि समोर लाल चौकोन दिसला. छाटणीघर, उजवी ओळ. ‘अनोळखी व्यक्ती’.

डगल्यावरचा नंबर होता अंजिराबाईचा. अंजिराबाई म्हणजे कुंदाची थोरली जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही आता नव्हते. लेकरं आपापल्या वाटेने गेलेली, अंजिराबाईचा मुलगा ओमानला, कुंदाची मुलगी चाकणला दिलेली. घरात उरल्या होत्या दोघी जावा. चुली दोन, पण पडवी एकच.

कुंदाला लाल चौकोनाचं फारसं नवल वाटलं नाही. तिला वाटलं, झालं, सोजरचं बिंग फुटलं.

मावळात भातलावणीला सावड चालते. आज तू माझ्या खाचरात ये, उद्या मी तुझ्यात येते. हिला ताप आला तर तिची जाऊ येईल, जाऊ नसली तर शेजारीण. घरटी एक बाई आल्याशी मतलब, कोणती आली हे कोण विचारतो? बायकांनी ती रीत तशीच उचलून कंपनीत आणली होती. सोजर शेडगे होती कँटीनमध्ये भाकऱ्या थापायला. तिची चाल कुठे नोंदलेलीच नव्हती. छाटणीघरातली कुणी अडली की सोजर तिचा डगला चढवायची आणि तिच्या जागी उभी राहायची. अंजिराबाईचा नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हा सोजर अशी तिच्याऐवजी बरेचदा गेली होती. कायद्याने हा गुन्हा. कुंदाला माहीत होतं. पिवळा दिवा लागायचा, कुंदा तो विझवायची. आपलीच माणसं, कुठे कुणाच्या पोटावर पाय द्यायचा?

गेल्या भातलावणीपासून अंजिराबाईच्या नंबरावर दिवा पुन्हा लागायला लागला. आधी कधीमधी, मग रोज. कुंदा विझवत राहिली. ताईचे गुडघे दुखत असतील, सोजर जात असेल. ताईला विचारायचं तिने मुद्दाम टाळलं, कारण विचारलं की कळतं आणि कळलं की लिहावं लागतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुपारपर्यंत व्यवस्थापक हेगिष्टे घामाने निथळत कुंदाच्या खोलीत येऊन बसले. माणूस वाईट नव्हता. सांगलीकडून इकडे आल्यापासून झोप मिळत नाही, एवढंच त्यांचं रडगाणं असायचं.

“उद्या सकाळी निरीक्षक येतायत,” ते म्हणाले. “अनोळखी माणूस आत सापडलं की परवाना सील. सगळ्या बाया घरी. मी सोजरशी बोललोय. ती कबूल करायला तयार आहे.”

सोजर दारातच उभी होती, हाताला पीठ लागलेलं.

“मीच जात व्हते म्हणून सांगते की,” ती म्हणाली. “आमची सावड हाय म्हणून सांगते. काय करतील, फाशी देतील का?”

“अदलाबदल हा लहान गुन्हा,” हेगिष्टे म्हणाले. “कंपनीला दंड, दोघी एक महिना घरी. मग अंजिराबाईंची जुनी नोंद बाद होते आणि नवी चाल नोंदवायची. मामला संपला. सापही मरतो आणि काठीही मोडत नाही.”

“म्हणजे सोजर खरंच जात नव्हती?” कुंदाने विचारलं.

सोजर तिच्याकडे बघतच राहिली. “अवो, वरीस झालं मी कँटीन सोडून हलले न्हाई. ताईच जात्यात रोज. तुमास्नी कॅमेऱ्यात दिसंना व्हय?”

दोघं गेल्यावर कुंदाने दार लावलं. पडदा दोन भागात केला. डावीकडे मूळ चाल, पहिल्या दिवशीची. उजवीकडे कालची. ठिपके पुसून खरं चित्र लावलं आणि दोन पांढरे डगले शेजारी शेजारी चालायला लागले.

डावीकडची अंजिराबाई तरातरा येत होती, दोन्ही हात झुलवत, वाट आपल्या बापाची असल्यासारखी. उजवीकडची बाई जपून येत होती. पाऊल उचलत नव्हती, सरकवत होती. डावा हात हलत होता. उजवा अंगाला चिकटून राहिला होता, डगल्याच्या आत शिवून टाकल्यासारखा. वळताना ती एका झटक्यात वळली नाही, जागच्या जागी बारीक बारीक पावलं टाकत वळली.

कुंदाने ते पुन्हा लावलं. मग पंधरवड्या-पंधरवड्याचं लावत मागे मागे गेली. हात एकदम थांबला नव्हता, हळूहळू थांबला होता, आणि तो थांबताना प्रत्येक वेळी यंत्राने पिवळा दिवा लावला होता. कुंदाची आई कंपवाताने गेली होती. शेवटी शेवटी तिचे हात इतके थरथरायचे की घोट घोट पाणी कुंदालाच पाजावं लागायचं. पण सुरुवात थरथरण्याने झाली नव्हती. सुरुवात अशीच झाली होती, एका न हलणाऱ्या हाताने.  कुंदाने पडदा बंद केला.

यंत्राला आजार सांगायला बंदी होती. कामगाराच्या शरीराची चौकशी करायची नाही, फक्त ओळख पटवायची, असं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं. ते लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, मालकाने आजारी माणसाला परस्पर काढू नये म्हणून. पण त्यामुळे यंत्राकडे दोनच शब्द उरले होते, ओळखीची आणि अनोळखी. त्याला जे दिसलं ते त्याने त्यातल्या एका शब्दात सांगितलं. कुंदाकडे तर सगळी भाषा होती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अंजिराबाई पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. कुंदा भिंतीला टेकली नाही. समोर येऊन बसली आणि बघत राहिली. अंजिराबाई डाव्या हाताने निवडत होती.

“ताई, उजवा हात कसाय?”

“कसा असायचाय. खांदा आखडलाय. तेल लावते रात्री.”

“कधीपासनं?”

“गेल्या भातलावणीपासनं. तुला सांगितलं व्हतं की. तू डोळं मिटून हां म्हणलीस.”

कुंदा सुपाच्या जवळ सरकली. मग तिने सगळं सांगितलं. लाल चौकोन, हेगिष्टे, सोजर, शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन बाया. आईचं सांगितलं. कंपवात हा शब्द उच्चारताना तिने अंजिराबाईकडे न बघता सुपाकडे बघितलं. डॉक्टरने बघेपर्यंत खात्री नाही, आता चांगली औषधं आहेत, लवकर कळलं तर माणूस वर्षानुवर्षं हिंडतं फिरतं, हेही सांगितलं, घाईघाईने.

अंजिराबाई निवडत राहिली. चार खडे बाजूला काढून झाल्यावर म्हणाली, “म्हंजे त्या डबड्याला कळलं, आन् तुला न्हाई?”

“मलाबी दिसत व्हतं. रोज दिवा लागायचा.”

“मंग?”

“मला वाटलं, सोजर हाय.”

अंजिराबाईचा हात थांबला.

“मी चालत व्हते तुझ्या म्होरं. आन् तुला वाटलं सोजर.”

“व्हय.”

“तीस वरसं एका पडवीत राहून.”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. कुंदाला रडू आलं, आणि आपल्याला रडू यावं याची लाजही वाटली. अंजिराबाईने तिला गप्प हो म्हटलं नाही की जवळही घेतलं नाही. ती रागावली होती आणि राग तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होता.

पदराने डोळे पुसून कुंदा म्हणाली, “उद्या सोजर कबूल करंल. तू सही कर, म्हंजे एक महिना घरी आन् पुन्हा काम. डाक्टरकडं आपण आपलं गुपचूप जाऊ.”

“कसली सही?”

“की तू नव्हतीस. सोजर व्हती.”

“मी वरीसभर एक खाडा केला न्हाई,” अंजिराबाई म्हणाली. “खांदा ठणकत असताना गेले. कात्री डाव्या हातात धराया शिकले, ह्या वयात. आन् आता लिहून देऊ, मी नव्हतेच म्हणून? माझं वरीस सोजरच्या नावानं मांडू? यंत्रानं अनोळखी म्हणलं ते म्हणलं. मी सवताला म्हणायची न्हाई.”

“मंग परवाना जाईल ताई. शंभर बाया घरी बसतील.”

“दुसरा काय रस्ता न्हाई?”

एक रस्ता होता आणि तो कुंदाला दुपारपासून माहीत होता. यंत्राने ओळखलं नाही तर त्या माणसाबरोबर एका छताखाली राहणारं घरचं कुणीतरी समोर येऊन सांगू शकत होतं, ही आमचीच आहे, आणि चाल बदलल्याचं कारण असं असं आहे. पण कॅमेऱ्यावर बसणाऱ्याचं घरचं माणूस आत कामाला असता कामा नये, हाही नियम होता. गावात सगळेच एकमेकांचे पाहुणे, म्हणून कुंदाला घेताना हेगिष्टेंनी तिकडे डोळेझाक केली होती आणि ‘नातं नाही’ असं लिहून टाकलं होतं. कुंदानेही खाली सही ठोकली होती. अंजिराबाईला ओळख द्यायची तर खुर्ची सोडायला लागणार होती. आणि कारण सांगितलं की अंजिराबाईच्या हातात कुणी कात्री देणार नव्हतं.

कुंदाने तेही सांगितलं. लपवायचं आता काही उरलंच नव्हतं.

“तुझं तू बघ,” अंजिराबाई म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

निरीक्षक परवीन मुजावर सकाळी आल्या. तिशी-पस्तिशीची बाई, आवाज हळू, डोळ्यांखाली काळं. त्यासुद्धा दिवसभर बघण्याचंच काम करत असणार, कुंदाने लगेच ओळखलं. त्यांनी अंजिराबाईला डगला चढवून छाटणीघराच्या वाटेवर चालायला लावलं. शंभरभर बायका कामं थांबवून दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. अंजिराबाई ताठ मानेने निघाली. जेवढं भरभर चालता येईल तेवढं चालली. वाटेच्या टोकाला बारीक बारीक पावलांनी वळली, परत आली.

मुजावरबाईंच्या हातातल्या पाटीच्या पडद्यावर पुन्हा लाल चौकोन आला.

हेगिष्टेंनी सोजरला कोपराने ढोसलं. सोजर पुढे झाली. “मॅडम, ही आमची सावड...”

“थांब सोजर,” कुंदा म्हणाली. “मॅडम, मी ओळखते हिला.”

मुजावरबाईंनी वळून बघितलं. “तुम्ही कॅमेऱ्यावर असता ना? कॅमेऱ्यातली ओळख इथे धरत नाहीत. ती यंत्राने आधीच नाकारलीय.”

“कॅमेऱ्यात मी तिला ओळखलं नाही,” कुंदा म्हणाली. “सोजर समजून मी वर्षभर दिवे विझवले. मी घरचं माणूस म्हणून ओळख देते. ही माझी थोरली जाऊ, अंजिरा गराडे. आम्ही एका घरात राहतो.”

हेगिष्टेंनी कपाळाला हात लावला. मुजावरबाईंनी हातातली पाटी खाली ठेवली.

“तुमच्या नोंदीत नातं नाही असं आहे.”

“ते खोटं आहे.”

“याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना? आजपासून तुम्हाला त्या खोलीत बसता येणार नाही. इथेच नाही, कुठल्याच परवान्याच्या जागेत.”

“कळतोय.”

“मग चाल बदलल्याचं कारण सांगा. ते सांगितल्याशिवाय ओळख पुरी होत नाही.”

कुंदाने तोंड उघडलं आणि अंजिराबाईकडे बघितलं. सगळ्यांसमोर, एवढ्या बायकांत, तो शब्द तिच्या तोंडून बाहेर पडेना. मुजावरबाई थांबल्या. 

अंजिराबाईने तोंडावरची पट्टी खाली ओढली.

“कंपवात असंल म्हणती ही,” ती म्हणाली. “डाक्टरनं अजून बघितलेला न्हाई. उजवा हात हलत न्हाई, एवढं खरं. पर बाई, मीच हाय. कालबी मीच व्हते आन् वरीसभर मीच व्हते. तेवढं लिवा.”

मुजावरबाईंनी पाटी उचलून लिहिलं. लिहून झाल्यावर ते अंजिराबाईला वाचून दाखवलं, जिथे तिला पटलं नाही तिथे दुरुस्त केलं. मग पडद्याला हात लावला. चौकोनाचा रंग गेला आणि तिथे अंजिरा गराडे हे नाव आलं.

परवाना राहिला. कंपनीला ताकीद मिळाली, कुंदाच्या खोलीची किल्ली हेगिष्टेंनी मान खाली घालून परत घेतली. डॉक्टरचा दाखला आणेपर्यंत अंजिराबाईने कात्रीला हात लावायचा नाही असं ठरलं, आणि दाखल्यात काय येणार हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सोजरने कँटीनमधून चार भाकऱ्या फडक्यात बांधून आणल्या आणि अंजिराबाईच्या हातात दिल्या. आधी उजव्या हाताशी नेल्या, मग डाव्या हातात दिल्या.

दोघी जावा दुपारी कालव्याच्या वाटेने घरी निघाल्या. इतक्या वर्षांत दोघी एकत्र अशा कधी निघाल्या नव्हत्या, कुंदा आधी जायची, अंजिराबाई मागून. आता अंजिराबाई पुढे चालत होती. कुंदा सवयीने मागे राहिली होती आणि तिची नजर सवयीनेच त्या हातावर जात होती, मग पावलांवर, मग पुन्हा हातावर. कालवा भरून वाहत होता. पलीकडच्या खाचरात कुणाचीतरी लावणी चालली होती आणि चिखलात वाकलेल्या बायका मान वर करून त्यांच्याकडे बघत होत्या, अशा भरदुपारी या दोघी घरी कशा.

कालव्यावरच्या मोरीपाशी अंजिराबाई थांबली. वळली नाही.

“मागनं काय बघत येतीस?”

“न्हाई ताई. काय न्हाई.”

“कळतं मला. पाठीला कळतं. वरीसभर बघितलंस, तेवढं पुरे झालं.” तिने भाकऱ्यांचं फडकं पुढे केलं. “हे धर. आन् म्होरं ये. उद्या तळेगावला डाक्टरकडं जायचं का परवा?”

“उद्याच जाऊ.”

“मंग चल बराबर.”

कुंदाने फडकं घेतलं आणि ती तिच्या उजव्या अंगाला आली. राग गेला नव्हता, तो काही एका दिवसात जाणारा नव्हता. दोघी चालायला लागल्या. पहिल्या चार पावलांतच कुंदा पुढे निघून गेली आणि तिला थांबावं लागलं. मग तिने पाऊल आखडतं घेतलं, तरी पुढेच गेली, आणखी आखडतं घेतलं. बरोबर चालायला लागल्यावर तिला कळलं, ताईचं पाऊल किती लहान झालं होतं ते.